खाजनात भात आणि मासळी: मानशीचं पाणी कसं वाटून घ्यायचं

खाजन म्हणजे खाडीलगतची, बांध घालून भरतीपासून अडवलेली शेतजमीन. तिच्यावरून गोव्यातल्या गावांत जी भांडणं होतात, त्यांतली बरीचशी मानशीपाशी, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दारापाशी, सुरू होतात. भात करणारा म्हणतो, खारं पाणी आत सोडलं. पावणी, म्हणजे मानशीतल्या मासेमारीचा लिलाव, घेतलेला म्हणतो, एवढे पैसे मोजलेत, दारं बंद ठेवून मासळी कुठून काढू? दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात. पाणी एकच, पोटं दोन, आणि ते पाणी कोणाच्या हुकमाने हलेल हे कागदावर कुठेच नसतं.

हा लेख कूळ संघटनेत काम करणाऱ्यांसाठी आहे, आणि ज्यांचे दोन-चार तुकडे खाजनात आहेत त्यांच्यासाठीही. माझं मत आधीच सांगून टाकतो. पेरणीपासून कापणीपर्यंत पाण्याची पातळी भाताने ठरवायची, मासळी त्या पातळीत जेवढी बसेल तेवढीच घ्यायची. कापणी झाली की मासळीचा हंगाम, तेव्हा भातवाल्याने तक्रार करायची नाही. हा क्रम उलटा झाला की काही वर्षांत शेत पडीक होतं, पडीक शेताच्या बांधाकडे कोणी बघत नाही, आणि बांध फुटला की पोयीतली, म्हणजे मानशीच्या आतल्या खोलगट तळ्यातली, मासळीही नदीची होते.

आधी आपलं खाजन ओळखा

गोव्यात खाजन जमीन साधारण अठरा हजार हेक्टर धरली जाते. मांडवी, झुवारी, शापोरा, साळ या नद्यांच्या खाड्यांलगत, चोडण, दिवाडी, जुवें, नेवरा, मांडूर, मडकई, शिरोडा अशा गावांत ती पसरलेली आहे. भरतीच्या पातळीपेक्षा खाली असलेली ही जमीन बाहेरच्या बांधाने अडवलेली, बांधात चिरे लावून बांधलेली मानस, मानशीच्या आत खोलगट पोय, आणि पोयीतून शेतांकडे गेलेले व्हाळ. मानशीची दारं भरतीच्या दाबाने आपोआप मिटतात. सुकती, म्हणजे ओहोटी, लागली की आतल्या पाण्याच्या दाबाने उघडतात आणि पावसाचं पाणी नदीत जातं. माणूस झोपलेला असला तरी दार आपलं काम करतं. एवढी हुशार रचना जुन्या लोकांनी करून ठेवली, आणि तिला हात लावण्याआधी ती नीट पाहावी एवढीच अपेक्षा.

पाहायचं ते असं. पावसाळ्यात दोन दिवस झोडपून पाऊस पडला की तिसऱ्या दिवशी सकाळी बांधावरून फेरी मारा. कुठल्या मेरा (तुकड्यांमधले छोटे बांध) बुडाल्यात, कुठल्या वर आहेत, पाणी कुठून कुठे ओढ घेतंय, हे डोळ्यांनी दिसतं. त्या दिवशी काढलेला साधा हातनकाशा मोजणीच्या नकाशापेक्षा कामाचा. त्यात तीन पट्टे रंगवा: मानशीजवळचा सखल भाग, मधला भाग आणि डोंगराकडचा उंच भाग. मासळीसाठी जागा शोधायची ती सखल पट्ट्यातच. उंच तुकड्यात खड्डा खणून मासे ठेवायचा मोह झाला तर आवरा.

नकाशावर प्रत्येक तुकड्याचं कूळ कोण, मालकी कोणाची, कोमुनिदादीचा (गावाची सामाईक जमीन सांभाळणाऱ्या जुन्या संस्थेचा) भाग किती, हेही लिहा. १९६४ च्या कूळ कायद्यानंतर आणि १९७६ च्या पाचव्या दुरुस्तीनंतर जमीन कसणाऱ्याकडे आली, पण बांध आणि मानस सगळ्यांची राहिली. सगळ्यांची म्हणजे कोणाचीच नाही, असं ज्या गावात झालं तिथे पहिली सभा याच विषयावर घ्यावी लागते.

दार तपासणं

मासळीचा विचार करण्याआधी मानस घट्ट हवी. उधाणाच्या भरतीला, म्हणजे अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास, भरती पुरती चढली की आतल्या बाजूला उभे राहा. फळ्यांच्या सांध्यांतून पिचकारीसारखं पाणी येत असेल तर फळी बदलायची वेळ झाली. दार तिरकं मिटत असेल तर बहुतेक वेळा मध्ये काहीतरी अडकलेलं असतं. नारळाचं एक सोडण किंवा प्लास्टिकची बाटली दोन दारांमध्ये अडकली तर ती भरती पूर्ण होईपर्यंत खारं पाणी आत येत राहतं, आणि सकाळी कोणाला कारण कळत नाही. बाहेरच्या बाजूला बांबूची जाळी बसवा आणि ती साफ करण्याची जबाबदारी एका माणसाच्या नावावर लिहा.

काही ठिकाणी जुनी लाकडी दारं काढून लोखंडी झडपा बसवल्या आहेत, त्या हाताने फिरवाव्या लागतात. टिकाऊ म्हणून लोकांना बऱ्या वाटतात. पण रात्री दोनच्या भरतीला कोण जाणार? झडप लावायचीच असेल तर लाकडी स्वयंचलित दारं तशीच ठेवून त्यांच्या आत वेगळ्या खाचेत लावा, म्हणजे माणूस विसरला तरी दार विसरत नाही.

बांधाची पाहणी सुक्या दिवसांत, सुकतीच्या वेळी करायची. आतल्या पायथ्याशी जमीन ओली असेल किंवा पांढरी मिठाची साय आली असेल, तर वर कुठेतरी कुर्लीचं किंवा उंदराचं बीळ आरपार गेलेलं आहे. ते चिखलाने नुसतं लिंपून भागत नाही. बीळ खणून मोकळं करून चिकट माती थराथराने ठोकून भरावी लागते. बांधासाठी माती काढायची तर आतल्या पायथ्यापासून लांबून काढा. पायथ्याशी खड्डा पाडून त्याच मातीने बांध उंच करणं म्हणजे बांधाचे पाय कापणं.

भाताची रेघ

या लेखातली एकच गोष्ट करायची असेल तर ही करा.

पेरणीनंतर भात रुजून हातभर झालं की वारा पडलेल्या दिवशी सगळ्यांत सखल तुकड्यात चार बोटं पाणी राहील एवढी पातळी धरा. पाणी स्वतःच सगळीकडे सपाट राहतं, वेगळं लेव्हल यंत्र लागत नाही. त्याच वेळी मानशीच्या आतल्या भिंतीवर पाणी जिथे टेकलंय तिथे रंगाने ठळक आडवी रेघ मारा. ती भाताची रेघ. तिच्या वर एक वीत अंतरावर दुसरी, तांबडी रेघ. पेरणी ते कापणी आतलं पाणी पहिल्या रेघेच्या आसपास राहायला हवं, आणि तांबड्या रेघेपर्यंत चढलं तर पुढच्या सुकतीला जाळं काढून दारं मोकळी करायची. कारण विचारायचं नाही, परवानगी घ्यायची नाही. जाळं दाराच्या तोंडाशी लावलं की पाण्याचा निचरा मंदावतो, आणि मोठ्या पावसात हाच उशीर शेत कुजवतो.

रेघ मारताना पावणीदार आणि शेतकरी दोघंही हजर हवेत. फोटो काढून सभेच्या इतिवृत्ताला जोडा.

खारटपणाचं कॅलेंडर

सगळा पावसाळा सारख्याच धोक्याचा नसतो. जुलै-ऑगस्टमध्ये नदीचं वरचं पाणी पावसाने जवळजवळ गोडं झालेलं असतं. तेव्हा थोडं पाणी आत आलं तरी भीती पुराची असते, मिठाची नसते. खरी कसोटी दोनदा येते. पहिली पेरणीच्या वेळी. मे महिन्यात तापून जमिनीवर मीठ वर आलेलं असतं, ते पहिल्या पावसांनी धुऊन निघण्याआधी बी टाकलं तर रोपं पिवळी पडतात. म्हणून मानस सुकतीला मोकळी ठेवून पहिलं पाणी नदीत काढून द्यायचं, तेही एकदा नव्हे. मोड आलेलं बी त्यानंतर.

दुसरी कसोटी सप्टेंबरच्या शेवटापासून. पाऊस ओसरतो, नदी परत खारी होऊ लागते, आणि नेमकं याच वेळी भात फुलोऱ्यात असतो. भात कोवळेपणी आणि फुलोऱ्यात मिठाला सर्वांत नाजूक. मासळीवाल्याला मात्र याच वेळी सुंगटं (कोळंबी) आत घ्यायची घाई असते. मानशीपाशी वादावादी होते ती बहुधा याच पंधरवड्यात. सभेत आधीच ठरवून टाका: शेवटचा तुकडा कापून होईपर्यंत भरतीचं पाणी आत घ्यायचं नाही. 'बहुतेकांची कापणी झाली' हे शब्द करारात नकोत. उशिरा पेरणारा एक जण सगळ्यांना अडकवतो अशी तक्रार येईल, म्हणून पेरणीचीही शेवटची तारीख सभेत ठरवा.

खारटपणा मोजायचं छोटं विद्युतवाहकता मीटर संघटनेने एक घेऊन ठेवावं. साध्या भाताला मातीच्या अर्कात ३ डेसिसीमेन्स प्रति मीटरच्या वर फटका बसू लागतो, आणि पुढे प्रत्येक एककाला उत्पन्न साधारण एक अष्टमांशाने घटत जातं. समुद्राचं पाणी ५० च्या आसपास असतं, त्यावरून अंदाज यावा. कोरगुट, असगो या जुन्या जाती खाजनाच्याच. जुने गोवे-एला इथल्या केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेने कोरगुटातून निवडून काढलेल्या 'गोवा धान १' आणि 'गोवा धान २' याही खारटपणा सोसतात. सखल पट्ट्यात ज्योती ही जात लावून मग पाणी खारं झालं म्हणून रडू नका. ज्योती वरच्या पट्ट्यात बरी.

मासळीला जागा किती

सुरुवातीच्या वर्षी शेतात काहीच खणू नका. पोय आणि व्हाळ साफ करा, गाळ काढा, तेवढीच मासळीची जागा. बऱ्याच खाजनांना एवढं पुरतं. शेतातून पाणी उतरलं की मासे आपोआप पोयीत येतात.

पुढच्या वर्षी वाढवायचं झालं तर सखल तुकड्याच्या कडेने चर काढा. साधारण एक मीटर खोल, दीड-दोन मीटर रुंद, आणि त्या तुकड्याच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त जागा न खाणारा. बाहेरच्या बांधापासून निदान पाच मीटर सोडा. चर पोयीला जोडलेला हवा, नाहीतर निचऱ्याच्या वेळी मासे चिखलात राहतात आणि बगळ्यांची चंगळ होते.

खणताना माती बघत राहा. खाजनाच्या खाली पुष्कळ ठिकाणी करडी-काळी चिकण असते. तिला कुजक्या अंड्याचा वास येतो. ती दलदलीत आहे तोवर काही करत नाही. उन्हात वर काढून टाकली की गंधक हवेशी मिळून आम्ल तयार होतं. काही आठवड्यांत तिच्यावर पिवळसर डाग दिसतात, पहिल्या पावसाला चरातलं पाणी तांबूस होतं, त्यावर तेलासारखा तवंग येतो आणि सकाळी मासे उलटे दिसतात. असा वास आला तर तिथे आणखी खोल जाऊ नका. निघालेली माती मेरेवर न पसरता परत ओल्यातच गाडा. थोडी उघडी पडलीच असेल तर शिंपल्यांचा चुना मारा, आणि पहिल्या दोन-तीन पावसांचं पाणी मासे न सोडता वाहून जाऊ द्या.

खणण्याआधी कागद. खाजन किनारपट्टी नियमन क्षेत्रात येतं. २०११ च्या अधिसूचनेत गोव्याच्या खाजनांसाठी खास तरतूद आहे: तिथली खारफुटी राखायची, खाजनाचा व्यवस्थापन आराखडा करायचा आणि विकासकामांना परवानगी द्यायची नाही. व्हाळ साफ करणं एक, आणि जेसीबी लावून तळी पाडणं दुसरं. दुसऱ्यासाठी किनारपट्टी विभाग व्यवस्थापन प्राधिकरण, मामलेदार आणि मत्स्योद्योग खातं, तिघांकडे आधी लेखी विचारणा करा. निमखाऱ्या पाण्यात मासळी पाळायची तर २००५ च्या कायद्यानुसार किनारी मत्स्यशेती प्राधिकरणाकडे नोंदणीचा प्रश्न येतो, तोही त्याच वेळी विचारून घ्या. दाट सुंगट तळ्यांचा विषय मी इथे काढतच नाही. त्यांचं खारं, खाद्याने घाण झालेलं पाणी शेजारच्या भाताला आणि खालच्या पोयीला कधीच मानवत नाही.

कोणती मासळी

सुंगटं, शेवटे, काळुंदर आणि कुर्ल्या भरतीबरोबर स्वतःच येतात. सोडायचेच असतील तर काळुंदर पहिला. शेवाळ, कुजका पाला, तळाचा गाळ यांवर वाढतो, बंद पाण्यातही अंडी घालतो, आणि बाजारात त्याला मागणी कायम आहे. शेवटेही असेच साध्या खाण्याचे.

चोणक (जिताडा) शिकारी. पैसा चांगला देतो, पण आपल्याच भावंडांना खातो. म्हणून बोटुकली सोडायची तर एकाच आकाराची, आणि वाढताना मोठी-लहान वेगळी करत राहायचं. चेन्नईची केंद्रीय निमखारे जलजीवपालन संशोधन संस्था चोणकाचं बी तयार करण्यावर काम करते. खात्रीचं बी कुठे मिळेल ते मत्स्योद्योग खात्याकडे विचारा, रस्त्यावरच्या टेम्पोतून घेऊ नका. पोयीत तिलापिया फार माजला असेल तर मोजके चोणक त्याला आवर घालतात, हा त्यांचा दुसरा उपयोग. तिलापिया मात्र मुद्दाम कधी सोडू नका. एकदा शिरला की काळुंदराची जागा खातो.

पावसाळ्यात भातात मासे असताना फवारणीचा प्रश्न येतो. कृत्रिम पायरेथ्रॉइड गटातली औषधं, म्हणजे सायपरमेथ्रिन वगैरे, मासळीला आणि त्याहून सुंगटांना विषच. कीड दिसली तर आधी पाणी उतरवून मासे पोयीत घ्या, फवारणी आवश्यकच असेल तर कृषी कार्यालयाला 'या शेतात मासळी आहे' असं सांगून औषध विचारा, आणि ते पाणी काही दिवस पोयीकडे जाऊ देऊ नका. युरियाही एकदम न टाकता दोन-तीन हप्त्यांत, पाणी कमी करून.

कापणीनंतर

कापणीच्या आठ-दहा दिवस आधी शेत सुकवलेलं असतं. पेंढा शक्य तेवढा उचला. थोडा राहिला तर त्यावर वाढणारे जीव मासळीचं खाणं होतात, पण ढीगच्या ढीग कुजले तर पहाटे मासे पृष्ठभागावर तोंड वर करून हवा घेताना दिसतील. तसं दिसलं की पुढच्या सुकतीला जुनं पाणी सोडून भरतीला ताजं घ्यायचं.

नोव्हेंबरपासून उधाणाच्या भरतीला आतली दारं धरून पाणी आत घेतात, सुकतीला दाराच्या तोंडाशी पिशवीसारखं जाळं लावून बाहेर निघणारी मासळी पकडतात. रात्री कंदील किंवा बल्ब लावला की सुंगटं जास्त येतात. भांगाच्या, म्हणजे लहान भरतीच्या, दिवसांत पाण्याला जोर नसतो, तेव्हा जाळं वाळत घालावं.

शेतात पाणी किती काळ ठेवायचं? केरळच्या पोक्कळी शेतात मासळीचा हंगाम १५ नोव्हेंबर ते १४ एप्रिल असा बांधलेला आहे.  आपल्याकडेही एप्रिलच्या मध्याला शेतातलं खारं पाणी काढून टाकावं, म्हणजे दीड महिना जमीन तापते, भेगा पडतात, आणि जूनच्या पावसाचं पाणी त्या भेगांतून उतरून मीठ धुतं. पोयीतली मासेमारी मेपर्यंत चालली तरी हरकत नाही.

एक तुकडाही सलग दोन-तीन वर्षं खाऱ्या पाण्याखाली पडीक ठेवू नका. खारफुटीची रोपं भरतीबरोबर येऊन रुजतात, आणि एकदा उभी राहिली की कायद्याने त्यांना हात लावता येत नाही. शेत आपलं राहतं, पण शेती करता येत नाही. बाहेरच्या बाजूची खारफुटी मात्र बांधाची ढाल आहे, तिला जपा.

पावणीचा कागद

पावणी बांधावरच जाहीर करा, घरात बसून नको. करारात निदान या गोष्टी असाव्यात. पावणीचा काळ कापणीपासून, तारखेने. भाताच्या रेघेचा नियम. खाऱ्या पाण्याची शेवटची तारीख. मानशीची किल्ली आणि फळ्या संघटनेच्या माणसाकडे, पावणीदाराकडे नाही. ब्लीचिंग पावडर किंवा विष वापरलं तर पावणी तत्काळ रद्द. जाळ्याची वीण किती बारीक, हे शब्दांत लिहिण्यापेक्षा मान्य झालेल्या जाळ्याचा वीतभर तुकडा कराराला टाचून ठेवा, वाद झाला की तो काढून समोरच्या जाळ्यावर धरायचा.

अनामत रक्कम घ्या, आणि ती शेवटची कापणी झाल्याशिवाय परत करू नका. दार उघडं राहून कोणाचं पीक गेलं तर भरपाई त्यातूनच. नुकसान ठरवायला दोन शेतकरी, पावणीदाराचा एक माणूस आणि विभागीय कृषी कार्यालयातला एक अधिकारी अशी समिती आधीच नेमलेली बरी.

पावणीचा पैसा पहिल्यांदा बांध-मानशीच्या दुरुस्तीला, तोही वेगळ्या खात्यात. किल्ली सांभाळणाऱ्याचं मानधन त्यातूनच जावं. उरेल ते तुकड्याच्या क्षेत्रफळाप्रमाणे वाटायचं, पण सखल पट्ट्यातल्यांना थोडा जास्त हिस्सा द्या. पाण्याचा त्रास तेच सोसतात आणि मासळी त्यांच्याच शेतात वाढते. हा मुद्दा सभेत मांडला की वरच्या पट्ट्यातले कुरकुरतात, म्हणून तो पावणीच्या आधी मंजूर करून घ्यावा, पैसे हातात आल्यावर नको.

बांध मोठा फुटला तर पावणीच्या पैशाने भागत नाही. कृषी संचालनालयाच्या मृदसंधारण विभागाकडे अर्ज करावा लागतो. अर्जाबरोबर मघाचा हातनकाशा, रेघेचा फोटो आणि गेल्या वर्षभराच्या दुरुस्त्यांच्या पावत्या जोडा. पावत्या ठेवण्यासाठी साधी फाईल पुरे, पण ती खजिनदाराच्या घरी न ठेवता संघटनेच्या कपाटात ठेवा. खजिनदार बदलतात.